काकूचं उन्हाळ्याचं पुस्तक

वर्ध्याच्या बसस्टँडच्या भिंतीवर मी पत्रक डकवत होते. देवळीच्या बसमधून आमच्या गावच्या घराशेजारच्या यमुनाबाई उतरल्या आणि म्हणाल्या, "सुमे, तुही वच्छलाकाकू गेली." हाताला खळ तशीच... आणि खरं सांगते, रडूही आलं नाही, आधी संताप आला. उन्हाळा तोंडावर, पुस्तक निवडायचं अजून बाकी, आणि ही बाई माझ्याशी न भांडता परस्पर निघून जाते?

देवळीत उन्हाळ्यात बायका पाळीपाळीनं एकमेकींच्या अंगणात पापड लाटायला जमतात. बाकीच्यांनी लाटायचं, एकीनं मोठ्यानं वाचायचं. काकूचा आवाज खणखणीत आणि लाटण्याचा कंटाळा त्याहून मोठा, म्हणून वाचणारीचा पाट तिनं कायमचा बळकावलेला. पुस्तकं गावच्या वाचनालयातून यायची. पण बाईनं वाचनालयाची पायरी चढायची नाही! अध्यक्ष स्वतःच 'भगिनींसाठी' गठ्ठा बांधून ठेवायचे. त्यात पतिसेवा, उपवास आणि पुन्हा पतिसेवा. ज्या देशात बाई मत देते, तिथं तिनं पुस्तक निवडू नये? काही वर्षांपूर्वी मी यावर पत्रक काढलं, 'भगिनींनो, जाग्या व्हा!' काकूनं ते शेवटपर्यंत वाचलं. म्हणाली, "जाग्याच आहो आम्ही, पहाटपासून. झोप येते ते त्याईच्या पुस्तकानं." आणि एकदम गप्प झाली... काकू गप्प झाली की गावानं सावध व्हावं.

अध्यक्षांच्या घरची पाळी आली. त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते. काकूनं त्यांच्याच गठ्ठ्यातलं सर्वांत जाड पुस्तक उघडलं आणि ऐन दुपारी, कडुनिंबाच्या सावलीत, एकही ओळ न गाळता वाचलं. पहिल्या प्रकरणात जांभया सुरू झाल्या, दुसऱ्यात लाटण्यांचा आवाज मंदावला, तिसऱ्यात अध्यक्षांच्या पत्नी दुर्गाबाई पोळपाटावर डोकं टेकवून घोरू लागल्या. पेंगत लाटलेले ते पापड पाहुण्यांच्या ताटात पडले. मुलाच्या वडिलांनी एक चावला आणि गालाला हात लावून बसले. (सोयरीक जमली. मुलाचे दात मजबूत होते.)

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष काकूच्या दारात. "वहिनी, हे पापड होत का छपरावरचे कवेलू?"

"काऊन, भाऊजी? तुम्ही निवडलेल्या पुस्तकावर लाटले ना! आता लग्नाचे पापड राह्यले. त्याचं पुस्तक कोन निवडते, ते सांगा."

अध्यक्षांनी टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. पुढच्या बुधवारपासून दुपारी वाचनालय बायकांसाठी उघडं राहू लागलं. हक्क पत्रकानं न मिळता पापडानं मिळावा, याचा मी आजही जाहीर निषेध करते.

त्या पहिल्या बुधवारी मी कपाटातून समाजसुधारणेची चांगली ढीगभर पुस्तकं काढून काकूसमोर मांडली. तिनं ढीग बाजूला सारला, सगळं कपाट धुंडाळलं आणि मुखपृष्ठावर रक्ताळलेला सुरा असलेली कादंबरी काखेत मारली.

"काकू! खून वाचायले भांडलो का आपण?"

"मंग कायसाठी? त्याईच्या गठ्ठ्यातून सुटली, तं आता तुह्या गठ्ठ्यात बांधून घेऊ का?"

मी तणतणत वर्ध्याची बस धरली. पुढे दर उन्हाळ्यात हेच. मी सुधारणा घेऊन जायची, ती खून घेऊन यायची.

परवा देवळीला गेले. अंगणात पापड चालले होते. बायकांनी मला काकूच्या पाटावर बसवलं, हातात पुस्तक दिलं. त्यांनीच बुधवारी जाऊन निवडून आणलेलं. तिसऱ्याच पानावर विहिरीत बाईचं प्रेत. इतक्या बायका, सगळ्यांचे कान माझ्याकडे... अशी सभा मला वर्ध्यातही मिळत नाही. मी पानात बोट घालून म्हटलं, "भगिनींनो, या बिचारीचा बळी हुंड्यानं..."

सगळी लाटणी थांबली. मग दुर्गाबाई हळूच म्हणाल्या, "सुमे, वच्छला वाचताना मंधात बोलत नव्हती."

सबंध भाषण राहिलं तिथंच. मी पानातून बोट काढलं आणि विहिरीकडं परत गेले. लाटणी पुन्हा चालू झाली.