गाडीला बांधलेलं बाळोतं

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात आमच्या घोडेगावच्या रस्त्यावर नुसता फुफाटा होता. माझ्याकडे एक जुनी मोटार होती, साखर कारखान्यातल्या एका साहेबानं कंटाळून विकलेली. बाजाराच्या दिवशी मी तिच्यावर भाडं मारायचो. एरवी ती बंद पडली की मी चार शिव्या हासडायचो आणि ढकलत घरी आणायचो. पण त्या वर्षी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि सुईणीनं पोट चाचपून बजावलं होतं की मूल आडवं आहे, कळा सुरू झाल्या की इथं थांबू नका, थेट श्रीरामपूरचा दवाखाना गाठा.

आणि नेमकी तेव्हाच गाडी धापा टाकायला लागली. बॉनेट उघडून पाहिलं तर इंजिनाला हवा जाते त्या डब्यातली जाळी गंजून गेलेली, डब्यापासून कार्बोरेटरपर्यंतची रबरी नळी चिरलेली. सगळी धूळ थेट आत चालली होती. त्या वर्षी नव्या सामानाचं नाव काढायची सोय नव्हती. मी सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी कापली, नळीवर ताणून गुंडाळली, तारेनं आवळली. जाळीसाठी आईची पिठाची चाळणी तोडली आणि तिची बोलणी खाल्ली. चाळणीवर बांधायला मऊ सुती कापड हवं होतं. बहिणीनं आईच्या जुन्या लुगड्याची बाळोती फाडून, धुऊन, घड्या घालून ठेवली होती. त्यातलं एक तिनं आपणहून आणून दिलं.

मी त्याला तेलाचा हात लावला आणि तिहेरी बांधलं. गरजेपेक्षा जास्त करायची माझी खोडच. गाडी काळा धूर ओकून बंद पडली. ओट्यावर बसून पाहणारी बहीण हसली. म्हणाली, तिचा जीव कोंडलाय माझ्यासारखा, एक पदर ठेव आणि बाकीचे सोड. सोडले, तर गाडी शिलाई मशीनसारखी चालायला लागली. पुढं रोज सकाळी मी ते फडकं रॉकेलमध्ये धुवायचो, वाळवायचो, तेल लावून पुन्हा बांधायचो. एवढ्या नेमानं मी देवपूजाही कधी केली नाही.

कळा भर दुपारी सुरू झाल्या. बहीण आणि आई मागं बसल्या. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. वाटेत ती एकदाही खोकली नाही, चढाला अडली नाही. दवाखान्यात पोचलो तेव्हा ऊन उतरलंही नव्हतं. मला वाटलं, जिंकलो.

बहीण वाचली. मूल मेलेलंच जन्मलं. आणखी लवकर आणलं असतं तर, असं मी डॉक्टरीणबाईंना पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. त्या शांतपणे म्हणाल्या की तुम्ही वेळेतच आणलंत, बाळ कळांच्या आधीच पोटातच दगावलं होतं. ते वेळेत येणं मला सहन होईना. गाडीनं वाटेत दगा दिला असता तर निदान तिला लाथा घालता आल्या असत्या. माझा राग म्हणजे गावात प्रसिद्ध, पण तो काढायला जागाच उरली नव्हती. मी गाडीच्या चाकाशी बसून रडलो.

बहिणीला घरी न्यायच्या दिवशी मी सवयीनं गाडी दामटली. बहीण मागं आईला टेकून बसली होती. नेवासं मागं पडलं तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"दादा, सावकाश चालीव. आता काय घाई न्हाई."