हलगीला खुर्ची

संगीताच्या बाईंनी चौदा वाट्यांचं पाणी माझ्यासमोर मोरीत ओतलं. एकेक वाटी उचलून.

दुष्काळाचं साल. तिकडं वडूजला माझी आई घागरभर पाण्यासाठी अर्धा अर्धा दिवस टँकरची वाट बघत होती. इथं साताऱ्याच्या शाळेत मी सकाळपासून थेंब थेंब कमीजास्त करून सुरात लावलेला जलतरंग मोरीतून वाहून गेला. का, तर जलतरंग वाजवणाऱ्या मुलीची आई म्हणाली, "पाणी हिनं भरलंय?" आम्ही छप्पन्नला बौद्ध झालो. तिच्या लेखी होतो तेच राहिलो. अगं बये, जलतरंग काठीनं वाजवतात. पीत न्हाई कुणी.

आणि मी? अकरावीतली, दोन वेण्या, चपलेचा अंगठा तुटलेला, आणि म्हणे सिंफनी करणार. हा शब्द बाईंनीच दिलेला. शाळेच्या रेडिओवर एकदा ऐकवली होती. वाजवणारे ढीगभर, ज्याचा त्याचा सूर वेगळा, तरी सगळं मिळून एक. झालं. बावळट पोरीनं वही घेतली आणि संमेलनासाठी बावीस मुलींचे बावीस सूर लिहून काढले. पेट्या, बासऱ्या, व्हायोलिन, जलतरंग. शेवट तेवढा लिहिला नव्हता. तो दादांच्या, माझ्या वडलांच्या, हलगीत होता. धर्मांतर केलं त्या दिवशी त्यांनी गावकीची हलगी खुंटीला टांगली, ती परत काढली नव्हती. मीच गळ घातली, "दादा, गावकीसाठी न्हाई. स्टेजवर. खुर्चीवर बसून." तसा शब्द बाईंनी मला दिला होता.

नव्यानं भरलेल्या वाट्या बेसूर बोलायला लागल्या. बाई म्हणाल्या, "तू दारातूनच सांग, कुठली चढी, कुठली उतरी." आणि मी सांगितलं. हसा. हात मागं बांधून, उंबऱ्याबाहेर उभी राहून चौदाच्या चौदा लावून दिल्या. बाईंचा नाइलाज असंल, असं वाटलं मला. लय शहाणी.

मग कार्यक्रमपत्रिका हातात आली. संगीतरचना म्हणून बाईंचं नाव. माझं कुठंच नाही.

"हलगीचं काय, बाई?"

"अगं, पाहुणे येणार आहेत. हलगी कशी ठेवायची स्टेजवर? तबल्यावर घेऊ. बोल सांग पटकन."

दादा फाटकाबाहेर बसले होते. धुतलेला सदरा, मांडीवर कापडात गुंडाळलेली हलगी. सकाळच्या एसटीनं आले होते.

"शेवट न्हाई देनार," मी बाईंना म्हणाले.

"एवढं केलं मी तुझ्यासाठी."

"पानी कुनी वतलं, बाई?"

मी बाहेर आले.

"कवा हाय आपलं?" दादांनी विचारलं.

"आपलं न्हाई, दादा."

दोघं फाटकाशीच थांबलो. आतून माझी रचना आली, चढत गेली, आणि जिथं हलगीची थाप पडायची तिथं बंद झाली. दादांची बोटं कापडावर हलली. वाजवलं नाही त्यांनी. आत टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, संपलं.

बाईंकडं वही मागितली, मिळाली नाही. मी सगळं आठवून परत लिहिलं. पहिल्या पानावर माझं नाव, त्याखाली दादांचं. शेवट अजून लिहीत नाही. तो हातात आहे, दादांच्या हातातून माझ्या हातात आलेला.

परवा एका कॉलेजची पोरं ही रचना बसवायची म्हणून आली. "आजी, तुमचं नाव मोठं घालू. हलगी तेवढी पडद्यामागून वाजवा." मी चहा पाजला, बिस्किटं दिली आणि वही पुढ्यातून उचलून घेतली.

आधी खुर्ची ठेवा. स्टेजवर, मधोमध. मग वही उघडंन.