जांभळी जीभ

सगुणाबाई नर्स हसल्या की त्यांची जीभ जांभळी दिसायची. माघ महिन्यात जांभळं कुठली? मी देवरीला सून म्हणून नवीन आले तेव्हा मला वाटलं, बाई चोरून शाई पितात की काय! देश स्वतंत्र होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील.

माझा पहिला मुलगा महिन्याचा असताना दूध ओढेनासा झाला. तोंड लावायचा आणि किंचाळून सोडायचा. जिभेवर, गालांच्या आतून पांढरं साचलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "दूध फाटलं तुयं. पाजू नोको त्याले." त्या ओल्या फडक्याने ते खरवडायच्या, फडक्याला रक्त लागायचं. दोन दिवसांत पोराचे डोळे खोल गेले. मी घाबरून बाईंना बोलावणं धाडलं.

बाईंनी बोटाला कापूस गुंडाळून ते पांढरं हलकेच पुसून पाहिलं. "दूध असतं तं निंगालं असतं. हे चिकटून राहिलं, आन खाली लाल हाये. बुरशी होय वं, लोणच्यावर चढते तशी. तुया दुधाचा काई दोष नाही."

मग त्यांनी पिशवीतून जांभळ्या औषधाची बाटली काढली. औषधाचा बोळा आधी स्वतःच्या जिभेवर फिरवला, जीभ काढून आम्हा सगळ्यांना दाखवली, आणि दुसऱ्या बोळ्याने पोराचं तोंड रंगवलं. सासूबाई ओरडल्या, "जहर देलन वं! नातू काळानिळा केलन!"

"मी मरून राहिली का? पाहा मायाकडे," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आता तू पदर काढ. तुले नाही लावलं तं तुयाकडूनच त्याले परत होईन." मी लाजेने अर्धी झाले, पण लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी पोरगं घटाघटा प्यायलं.

जिभेचं कारण मी नंतर विचारलं. "पहिल्या नोकरीत एका घरी नुसतं लावून आली. मी गेल्यावर त्यायनं भिऊन पुसलं, आन साखरपाणी देत बसले. पोरगं गेलं. तवापासून पहिला बोळा मायाच जिभेले." एवढं बोलून त्या हात धुवायला उठल्या.

चार वर्षांनी, ऐन वैशाखात, शेजारच्या टोलीवरून, म्हणजे गावाबाहेरच्या लहान वस्तीवरून, परतताना बाई रस्त्यातच कोसळल्या. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. दवाखान्याच्या ओट्यावर त्यांना ठेवलं होतं. तोंड जरा उघडं राहिलेलं, आत जीभ जांभळी. गर्दीतून कोणीतरी बोललं, "बाई आपल्याच दवाईनं मेली." तेवढ्यात टोलीवरची एक म्हातारी ऊर बडवायला लागली. "आत्ताच तं माया नातीच्या तोंडाले लावून गेली! जातो, पुसतो!"

ती पळत सुटली तर काय होणार, हे मला ठाऊक होतं. तरी मी थिजून उभीच राहिले, त्याची लाज आजही वाटते. पुढे झाल्या त्या माझ्या सासूबाई. त्यांनी बाईंच्या पिशवीतली बाटली काढली, बोळा बुडवला आणि भर गर्दीत आपली जीभ रंगवली. मग म्हातारीचा हात धरला. "चाल. तीन दिवस तुया घरी बसीन. मी मेली तं पुसजो."

चौथ्या दिवशी त्या परतल्या. मी दारातच विचारलं, "पोरगी?"

"पिऊन राहिली," त्या म्हणाल्या, आणि ओसरीत बसून सगुणाबाईंसाठी पहिल्यांदाच रडल्या.