शिट्टीमागून गेलेला ताप

आज शाळेत जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

लोहाऱ्याजवळच्या आमच्या छोट्या शाळेत दोन आठवडे तापाची साथ आहे. रोज नवं एखादं पोर गैरहजर. मी बाकं लांब केली, खिडक्या उघड्या ठेवल्या, तरी साथ हटेना.

आज चौथीतली एक मुलगी वही घेऊन टेबलाशी आली. तिच्या घरी मेंढरं आहेत. म्हणाली, "सर, मेंढरात रोग आला की दादा आधी बघतेत, पहिलं कोण पडलं अन् ते कुठं पाणी पिलं. म्या बी तसंच बघितलं."

वहीत आजारी पोरांची नावं ओळीनं लिहिली होती. "ही बाकावर जवळ न्हाईत, सर. पण लेझीमच्या सरावाची ती एकच शिट्टी यांनी याच ओळीनं वाजवली."

मी हजेरीपटाशी ताडून बघितलं. ज्यानं शिट्टी वाजवली, तो दोन-तीन दिवसांत घरी. एकही नाव चुकलं नव्हतं. नऊ वर्षांची पोर आहे हो ती.

"मग पहिलं कोण?" मी विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "तुमी, सर. तुमाला ताप-खोकला झाल्ता, फुंकता येईना म्हणून तुमीच तुमची शिट्टी पोरांना दिली."

खरं होतं. तापात एकही रजा घेतली नाही, हे मी सगळ्यांना अभिमानानं सांगत होतो.

ताप अंगावर काढून कामावर गेल्याचं तुम्हीही कौतुकानं सांगता का? मग तुमच्यानंतर कोण कोण पडलं, ते एकदा ओळीनं लिहून बघा.