शेंगा की शेंगदाणा

"मॅडम, तुमची चटणी शोधणारा माणूस मोबाइलमध्ये काय टाइप करेल?" वेबसाइट करून देणाऱ्या गृहस्थांनी मला असं विचारलं तेव्हा आधी राग आला आणि मग नुसता कंटाळा आला. मला निवृत्त होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. उभा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात आणि वह्या तपासण्यात गेला, आता कुणी मला काही विचारू नये एवढीच माझी अपेक्षा होती. तरी त्यांच्या दुकानात, लग्नपत्रिकांच्या नमुन्यांच्या गठ्ठ्यांशेजारी, मी रोज तासभर बसत होते. कारण काम अक्काचं होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. भावजी गेल्यापासून ती घरी चटणी कुटून विकत आली. तिचं माहेर अक्कलकोटच्या खाली, त्यामुळे दमली की कानडीत बोलते. स्टँडजवळचे दोन दुकानदार तिचा सगळा माल उचलायचे. रस्ता रुंद झाला आणि दोन्ही दुकानं गेली. मुलगा पुण्याहून सारखा म्हणू लागला, आता पुरे, इकडे ये. अक्काला जायचं नव्हतं. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर दार लावून दिवसभर करायचं काय, हा तिचा प्रश्न मलाही पटत होता. शेवटी असं ठरलं की दिवाळीपर्यंत बाहेरगावची गिऱ्हाइकं मिळाली तर ती इथं राहील, नाहीतर पुण्याला जाईल. शिकलेली म्हणून ही जबाबदारी माझ्या गळ्यात पडली.

गृहस्थ तसे शहाणे होते. कोणत्या पानावर काय, फोटो कुठला, गावाचं नाव कुठं यायला हवं, सगळं त्यांनी कागदावर मांडून आणलं होतं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'सोलापुरी शेंगदाणा चटणी'. मी पर्समधलं लाल पेन काढलं, 'दाणा' खोडला आणि 'शेंग'ला काना दिला.

"आमच्याकडं शेंगा चटणीच म्हणतात," मी म्हटलं. "शेंगदाणा चटणी म्हणजे मिक्सरमधला कोरडा भुगा. ही उखळात कुटलेली आहे, तेल सुटेपर्यंत."

"ते मला माहीत आहे की, मॅडम. मीबी हितलाच. पण आपण काय म्हणतो ते इथं चालत नाही. लोक शोधतात ते लिहावं लागतं."

"लोकांनी बरोबर शब्द शिकावा मग."

त्यांनी सगळीकडं 'शेंगा' करून टाकलं. घरी येऊन अक्काला विचारलं तर ती म्हणाली, "आमच्या माहेरीबी शेंगाच म्हणत्यात. पर तुला जे बरूबर वाटंल ते लिव्ह. मला काय कळतंय त्यातलं?" मी तेवढाच होकार धरून बसले. इंग्रजी पान त्यांनी मशीनकडून भाषांतर करून घेतलं आणि एकदा नजर टाका म्हणून मोबाइलवर पाठवलं. चष्मा आतल्या खोलीत होता. उठायचा आळस केला आणि 'छान आहे' असं कळवून टाकलं.

मग काहीच झालं नाही. जून गेला, जुलै गेला. अक्का दुपारी भांडी आवरून खालून वर माझ्याकडं यायची, पदराला हात पुसायची आणि विचारायची, "आलं का काय?" मी नाही म्हणायची. मला या प्रश्नाचा इतका वीट आला की ती जिन्यात दिसली की मी डोळे मिटून पडून राहू लागले. तिनं आपल्यापरीनं कारण शोधलं. बाहेरच्या लोकांना लसूण सोसत नसेल म्हणून लसूण कमी केला. मग तिखट कमी केलं. एक दिवस चिमूटभर साखर घातली आणि मला चाखायला दिली. चटणी बरी आहे, असं मी म्हटलं. ती बरी नव्हती.

ऑगस्टच्या शेवटी नागपूरहून एका बाईंचा फोन आला. फार गोड बोलल्या. शेवग्याच्या शेंगांची चटणी त्यांनी कधी खाल्ली नव्हती, ती किती दिवस टिकते असं त्यांना विचारायचं होतं.

फोन ठेवून मी चष्मा लावला आणि इंग्रजी पान उघडलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ड्रमस्टिक चटणी. आमचं पान मोबाइलवर सांबाराच्या पाककृतींच्या रांगेत बसलं होतं. मराठीत शेंगदाणा चटणी शोधणाऱ्याला तर ते दिसतच नव्हतं. अख्ख्या सोलापुरात शेंगा म्हणजे शेंगदाणे, हे सोलापूरच्या बाहेर कुणाला ठाऊक असण्याचं काही कारण नाही, हे मला, मराठीच्या बाईला, सुचलं नव्हतं. मी गृहस्थांना फोन केला. त्यांनी तासाभरात सगळीकडं 'शेंगदाणा' केलं, इंग्रजीत 'पीनट' केलं. मी सांगितलं होतं, असं ते एकदाही म्हणाले नाहीत, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

अक्काला मात्र मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत आठ दिवस काढले. खरं कारण एवढंच की आमच्या घरात चुका काढायचं काम माझं होतं.

नवव्या दिवशी दोन मागण्या आल्या. एक कोल्हापूरहून, एक ठाण्याहून. मी जिना उतरून खाली गेले. अक्का पाटावर बसून डबे पुसत होती. मी मागण्यांचं सांगितलं आणि त्याच दमात शेवग्याचंही सांगून टाकलं. तिच्या हातचं काही बिघडलं नव्हतं, शब्द माझा चुकला होता, हे दोनदा सांगितलं. मला वाटलं, ती हसेल.

"कवा कळालं तुला?" तिनं विचारलं.

"आठ दिवस झाले."

ती डबा पुसत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, हाताची चवच गेली माझ्या. परवा लेकाला व्हय म्हणून बसले की. त्यानं मोटी जागा घेतली भाड्यानं, माझ्यासाटनं." डबा खाली ठेवून म्हणाली, "साकायतु." म्हणजे पुरे झालं. ते कुणाला उद्देशून होतं, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

त्या दोन मागण्या तिनं पुरवल्या, भरपूर लसूण घालून. दसऱ्याआधी ती गेली. शब्द फिरवायचा नाही हा तिचा हट्ट, आणि मुलानं घेतलेलं घरही खोटं नव्हतं.

आता सोलापूरची चटणी शोधली की आमचं पान बरंच वर दिसतं. आठवड्याला पाच-सहा मागण्या येतात. पान बंद करू का, असं गृहस्थ मधूनमधून विचारतात, मी राहू द्या म्हणते. प्रत्येक मागणीला मी स्वतः उत्तर लिहिते, की चटणी करणाऱ्या बाई सध्या पुण्याला आहेत. त्यातला 'सध्या' मी माझ्या मनानं घातला आहे. अक्का तसं काही म्हणालेली नाही.