मायच्या आवाजाला तीन बोटं

"अबे, सायलेन्सर फुटला हिचा!"

मागच्या बाकावरचा मुलगा बोलला आणि सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या, पण तोंडाला रुमाल लावून. त्या शिकलेल्या होत्या.

स्पीकरवर एका बाईचा आवाज चालू होता. फाटका, घोगरा, वाक्याच्या मध्येच विझणारा. आम्ही वाचा-उपचाराचे विद्यार्थी. बिघडलेला आवाज नुसत्या कानाने पारखायचा, त्याचा तास होता. मॅडमची पद्धत ठरलेली. आकडा तोंडाने सांगायचा नाही, नाहीतर शेजाऱ्याचं ऐकून दुसरा सांगतो. डोळे मिटायचे आणि हात वर करायचा. आवाज चांगला असेल तर मूठ. थोडा बिघडला असेल तर एक बोट, बराच असेल तर दोन, पार गेला असेल तर तीन.

सगळ्यांचे हात वर गेले. तीन बोटं. तीन बोटं. जिकडे पाहावं तिकडे तीन बोटं.

माझे डोळे उघडे होते आणि हात खाली होता. तो आवाज माझ्या मायचा होता.

आम्ही आसगावचे. तलावाच्या खालच्या अंगाला आमची धानाची थोडी शेती. पण माय गावात ओळखली जायची ती रोवण्यासाठी. बाया चिखलात वाकून धानाची रोपं लावायला लागल्या की गाण्याची पहिली ओळ माय धरायची, मग बाकीच्या ती उचलायच्या. ती गात असली की सगळ्यांचे हात चालायचे. ती पाणी प्यायला थांबली की हातही रेंगाळायचे. तिला बोलावणं यायचं ते हातासाठी कमी आणि गळ्यासाठी जास्त. आणि तोच गळा बसला. सर्दी असेल म्हणून हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, कोणी सांगितलं म्हणून अंगाराही झाला. आवाज काही परत आला नाही.

मी तेव्हा भंडाऱ्याला शिकत होते. कारध्याला खोली घेतली होती, पूल ओलांडून रोज कॉलेजात यायचे. वर्गात बहुतेक नागपूरची मुलं. माझ्या तोंडून 'मले', 'तुले' निघालं की एकमेकांना कोपर मारायची. मॅडम मात्र माझ्यावर माया करायच्या. बेटा म्हणायच्या. हिचा कान चांगला आहे, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस उड्या मारत होते. देवाला मानत नसेन तेवढं मी त्या बाईंना मानत होते. म्हणून मायच्या गळ्याचं मी त्यांनाच सांगितलं. त्या म्हणाल्या, "घेऊन ये बेटा. मी स्वतः बघते."

माय आली. ठेवणीतलं लुगडं नेसून आली. घशाच्या डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतूंवर बारीक गाठी आल्या होत्या, गळा ताणून ताणून आलेल्या. ऑपरेशनची गरज नाही, नीट व्यायाम केला तर जातील, असं ते म्हणाले. व्यायाम मॅडम शिकवणार होत्या. त्याआधी आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा. तसं करावंच लागतं. सुरुवातीचा आवाज हाताशी असला तर पुढे फरक कळतो. पेशंटला लांब 'आ' म्हणायला लावतात, मग काहीतरी वाचायला देतात. मायला वाचता येत नाही. मॅडम म्हणाल्या, "मावशी, मग स्वतःबद्दल काहीही बोला. हे आपल्या दोघींतच राहील." आणि मला त्यांनी बाहेर बसवलं. घरचं माणूस समोर असलं की पेशंट मोकळेपणाने बोलत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

बाहेर आली तेव्हा मायचा चेहरा हलका झाला होता. म्हणाली, "बाई लय चांगली हाये व. पोटातलं सारं काढून घेतलन माह्या."

त्याच दिवशी मॅडमनी तिला पहिला व्यायाम दिला. ग्लासभर पाण्यात नळी बुडवायची आणि नळीतून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. त्याने गळ्यावरचा ताण उतरतो. नळी कुठेतरी हरवली, तर मायनं परसातल्या पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडला. रोज सकाळ-संध्याकाळ देठ तोंडात धरून बुडबुडे. शेजारच्या बाया हसायच्या, तीही हसायची. आणि खरंच, एक दिवस फोनवर तिनं मला हाक मारली ती स्वच्छ आली. पूर्ण नाही, पण मधे तुटली नाही. म्हणाली, "यंदाबी रोवण्याले मीच धरतो ओळ, पाह्यजो." त्या रात्री मला आनंदाने जेवण गेलं नाही.

आणि नंतर तो तास.

स्पीकरमधून माय मॅडमना सांगत होती, "मले आता रोवण्याले कोणी बलावत नाही बाई. गेली तं मांगं ठेवतेत. बाया म्हंतेत, हे गात नाही, हे भुकते. मंग मी तोंड दाबूनच रोवतो. माह्या पोरीले नोका सांगू. तिले वाटते, माय अजून पुढंच रायते."

'भुकते' या शब्दावर वर्ग फुटला. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. जे मायनं माझ्यापासून लपवलं होतं, ते मी पोरांच्या हसण्यात बसून ऐकलं.

"पुन्हा ऐका," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तेवढाच तुकडा परत लावला. हात पुन्हा वर गेले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझा हात खाली का गं? तुझा कान तर चांगला आहे ना?"

त्यांना माहीत होतं. हा आवाज कोणाचा, समोर बसलीय ती कोण, सगळं माहीत होतं. विसरल्या असत्या तर मी माफ केलं असतं. त्या विसरल्या नव्हत्या. त्यांना वाटलं होतं, ही काही बोलायची नाही. बेटा म्हटलं की गप्प बसणारी पोरगी आहे ही. केसाने गळा कापणं म्हणतात ते दुसरं काय असतं?

मी उठले. स्पीकरची वायर ओढून काढली. वर्गात कधी बोलले नव्हते तशी बोलले, घरच्या बोलीत.

"हे माही माय हाये. बंद करा."

हसणं थांबलं. मॅडम शांत होत्या. म्हणाल्या, "मग? नाव कुठे सांगितलंय कोणाला? उलट तुला अभिमान वाटायला हवा. तुझी आई शिक्षणाच्या कामी आली."

मी म्हटलं, "थे बरी व्हाले आली होती."

नंतर त्यांनी मला खोलीत बोलावलं. डोक्यावरून हात फिरवला. ते रेकॉर्डिंग काढून टाकते, शब्द देते म्हणाल्या. मी तो शब्दही मानला. माझ्यासारखी मूर्ख मीच.

घरी गेले. मायला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती.

"हासले का थे?"

"हो."

मग कोपऱ्यातला पपईचा देठ तिनं चुलीत टाकला. ओला होता, धुपत राहिला. मी म्हटलं, मॅडम गेल्या उडत, व्यायाम मी शिकवते. ती म्हणाली, "तुनं आयकलं नं सारं. आता तुह्यापुढंच तोंड उघडाले लाज वाटते मले."

मी खूप विनवलं. ती पुन्हा दवाखान्यात गेली नाही, पाण्यात पुन्हा बुडबुडे काढले नाहीत. रोवण्याची ओळ आता दुसरी बाई धरते. माय मागच्या रांगेत वाकलेली असते. ओठही हलत नाहीत तिचे.

आता मी शिकवते. दुसऱ्या कॉलेजात, हाच विषय. रुजू झाले त्याच आठवड्यात विभागप्रमुखांनी आवाजाच्या नमुन्यांचा संच दिला. म्हणाले, "सगळीकडे हाच वापरतात. फार छान नमुने आहेत यात." मी रिकाम्या वर्गात तो लावून बघितला. थोड्या वेळाने माय बोलू लागली. "माह्या पोरीले नोका सांगू."

म्हणजे मॅडमनी तो काढला नव्हताच. उलट वाटला होता. कॉलेजाकॉलेजांत हात वर जात होते, आणि माझी माय चिखलात तोंड दाबून रोप लावत होती.

मी मॅडमना फोन केला. ओळखल्यावर गोड हसल्या. "अगं, अजून तेच धरून बसलीस? इतका स्पष्ट नमुना पुन्हा मिळाला नाही गं. आणि नाव आहे का त्यात कुठे?"

मी फोन ठेवला. मॅडमच्या कॉलेजाकडे लेखी तक्रार केली. उत्तर आलं नाही. माझ्या वर्गात तो संच वाजत नाही. माझे विद्यार्थी आधी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करतात आणि स्वतःच्याच आवाजासाठी सगळ्यांची बोटं बघतात. मग पेशंटपुढे बसतात. कोणी हसत नाही. पण तेवढ्याने माझं भागत नाही.

तिचा आवाज असा गावोगावी वाजतोय हे मायला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, मोडून जाईल. ती चिडली. त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "लपवाचं होतं थे तं साऱ्याईनं आयकलं. आता नाव काहून लपवतं? सांग साऱ्याईले."

पुढच्या महिन्यात भंडाऱ्यात आवाजावरचं शिबिर आहे. मॅडम शिकवायला येणार आहेत. तोच संच वाजणार. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. माझ्या मायचा आवाज लागेल, सगळे डोळे मिटतील, हात वर जातील. तेव्हा मी उठणार आहे. त्या तीन-तीन बोटांना हात खाली घ्यायची सवड मी देणार नाही. डोळे उघडा म्हणणार आहे, आणि मॅडमकडे बघून सांगणार आहे:

हिचं नाव भागरता. गाव आसगाव. ही बरी होत होती.