प्रमेय पडलं त्या दिवशीचा सत्कार

सणसरच्या चौकात माझा फ्लेक्स लागला, तेव्हा माझं प्रमेय अजून पुरतं उभंच राहिलेलं नव्हतं. आता हे गावाला कसं सांगायचं? परदेशातल्या एका परिषदेनं माझा शोधनिबंध घेतला, एवढंच मी जेवताना घरात बोलले. दिरांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मी फोटोसकट विजेच्या खांबावर. खाली शुभेच्छुक म्हणून भावकीतली सगळी पोरं, गॉगल लावून.

म्हटलं, "अहो भावोजी, थांबा की जरा. सिद्धतेची एक बाजू राहिलीय अजून."

"वहिनी, कारखान्याला उसाची नोंद ऊस उभा असतानाच करत्यात. तोडल्यावर न्हाय."



ती राहिलेली बाजू काय, ते आधी सांगते. मी बारामतीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची प्रयोगशाळा सांभाळायचे. टाइप थिअरी मला कुणी शिकवली नाही. इंटरनेटवरून निबंध उतरवून घ्यायचे, कळला नाही की परत वाचायचा, तरी नाही कळला की भाकरी थापताना तोच डोक्यात घोळवायचा. तर टाइप म्हणजे प्रकार. प्रोग्रॅममधली ही वस्तू आकडा आहे, ती मजकूर आहे, असं आधीच ठरवायचं आणि नियम लावून बघायचं, की आकड्याच्या जागी मजकूर तर घुसत नाही ना. आमच्या विषयात मोठं वाक्य एकच: नियमात बसलेला प्रोग्रॅम चालताना असा घोटाळा करणार नाही. मी स्वतःचे नियम मांडले होते, इतरांपेक्षा सैल, लिहिणाऱ्याला मोकळीक देणारे. आणि एवढी मोकळीक देऊनही ते वाक्य खरंच राहतं, हे माझं प्रमेय. तरुणपण संसारात गेलं, त्यानंतरचं सगळं आयुष्य ह्यात गेलं. निबंध किती वेळा परत आला ते मोजायचं मी कधीच सोडून दिलं होतं.

कागदावर सिद्धता झाली होती. पण छापण्याआधी ती, सिद्धता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून पार करून द्यायची होती. माणसाला "हे उघडच आहे हो" म्हणून पुढं जाता येतं. त्याला नाही. त्यानं बाकी सगळं मानलं आणि एका जागी अडून बसलं: रिकामा डबा.

समजा घरात एक रिकामा डबा आहे, वर काही लिहिलेलं नाही. एकीनं तो मिठाचा समजून मीठ भरलं. दुसरीनं साखरेचा समजून त्यातलंच चहात टाकलं. दोघींचं आपापल्या जागी बरोबर, आणि चहा खारट. प्रोग्रॅममध्येही असे डबे असतात, काहीतरी साठवायच्या जागा. हा खड्डा आमच्या विषयात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून सगळे त्याला लांबून वळसा घालतात. मी वळसा घातला नव्हता, डबे तसेच ठेवून काठानं नियमांचं कुंपण घातलं होतं. माझं नवेपण काय ते त्या कुंपणातच.

धाकटी जाऊ सकाळ-संध्याकाळ विचारायची, "आक्का, ते अजून न्हायच म्हणतंय का?"

"न्हायच म्हणतंय."

"मग हळदकुंकू वाहा की त्याला. ट्रॅक्टरला वाहतो तसं."

"दसऱ्याला वाहिलंय गं."

"मग नारळ ऱ्हायला असंल."

सत्काराच्या दिवशी सकाळी मी त्याच जागी डोकं आपटत बसले होते. आणि मनात आलं, की हे सिद्ध होत नाहीये ते मी कमी पडते म्हणून नव्हे, हे खरंच नसलं तर?  अडलेल्या जागेचा आकार समोर होताच. त्याच आकाराचा एक प्रोग्रॅम लिहिला, अगदी चिमुकला. डबा एका फंक्शनच्या आत तयार होतो, रिकामाच बाहेर येतो आणि दोघांच्या हातात जातो. माझे नियम लावून बघणारं यंत्र मीच लिहिलेलं. इतकी वर्षं कॉम्प्युटरनं हो म्हणावं म्हणून जीव टाकला. त्या दिवशी पहिल्यांदा विनवलं, बाबा, नाही म्हण. हा नियमात बसत नाही म्हण.

ते हो म्हणालं.

प्रोग्रॅम चालवला. त्यानं मजकुरात आकडा मिळवायला घेतला आणि तिथंच पडला.

मग मी नियमात एक अट वाढवली. उदाहरण थोडं वळवलं की त्यातूनही निसटलं. दुसरी अट घातली, तर डबेच वापरता येईनात. पाणी प्यायला उठले नाही. जाऊ साडी घेऊन दारात उभी. "नेसा आक्का, तात्या येऊन बसल्यात."

समाजमंदिर भरलं होतं. शाल झाली, नारळ झाला. ग्रामपंचायतीतले तात्या माइकवर म्हणाले, "आपल्या सूनबाईंनी कॉम्प्युटरला कायदा लावला!" मला राहवेना. माइक घेतला.

"मंडळी, ज्याच्यासाठी हा सत्कार, ते आज सकाळी चुकीचं निघालं. ही शाल परत घ्या."

 मग तात्या उठले. "बघा! ह्याला म्हणत्यात मोठेपणा! वाजवा टाळ्या!"

"तात्या, मोठेपणा न्हाय. खरंच खोटं हाय ते."

लोक हसले, टाळ्या आणखी वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले, माझ्या साधेपणाचं कौतुक म्हणून. म्हैस मेली असती तर हीच माणसं दारात येऊन गप्प बसली असती. माझं काय मेलं, ते दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं.

घरी आल्यावर जाऊनं चहा ठेवला. "खरंच पडलं का वो?"

"व्हय."

"डागडुजी न्हाय व्हायची?"

"डबे काढून टाकले की उभं राहतंय. पण तेवढं आमच्या आधीच्या लोकांनी कधीच करून ठेवलंय. मग माझं काय उरलं?"

तिनं गॅस बारीक केला. "मग राहू द्या की तसंच छापून. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना."

"ते बी खरंच," ती म्हणाली आणि चहा माझ्या हातात दिला. मी तो तसाच ओट्यावर ठेवला.

परिषदेला मेल लिहिली. निबंध मागं घेते, प्रमेय खोटं आहे, खोटं पाडणारा प्रोग्रॅम सोबत जोडला आहे. एवढंच. पाठवायचं बटण दाबलं.

दोन-चार दिवसांनी उत्तर आलं. मागं घेतल्याची नोंद झाली होती. खाली निबंध तपासणाऱ्यांपैकी कुणीतरी लिहिलं होतं, की उदाहरण फार छोटं आणि सुंदर आहे.

आहेच सुंदर. त्यातली एक ओळ काढता येत नाही, की एक शब्द हलवता येत नाही. ते मोडावं म्हणून मी अजून रोज बसते त्याच्यासमोर. ते मोडत नाही.